स्पीकर भिंतीला चिकटवायचे की पुढे ओढायचे?

कानसेन:
परवा फरशी पुसायला दोन्ही स्पीकर भिंतीपासून चांगले दोन हात पुढे ओढले. सोबतीला गाणं लावलं आणि फडकं हातातच राहिलं. आजवर दोन खोक्यांतून येणारा गायिकेचा आवाज मधल्या मोकळ्या जागेतून यायला लागला! तेव्हापासून माझं ठाम मत आहे: अॅम्प्लिफायर किंवा वायरी बदलण्याआधी स्पीकर पुढे ओढा. दोघांमध्ये जेवढं अंतर, तेवढंच प्रत्येकापासून तुमच्यापर्यंत. ट्वीटर, म्हणजे स्पीकरमधला बारीक, उंच सुरांचा छोटा भोंगा, कानाच्या उंचीवर. भिंतीला चिकटवणारे गाणं नाही, भिंत ऐकतात.

भिंतीलगत:
हे जरा जास्तच झालं. दोन हात म्हणजे किती, मोजलंत का? समजा, स्पीकरचं तोंड भिंतीपासून 86 सेंमीवर आहे. खर्जाच्या लाटा मागेही पसरतात. मागे गेलेली लाट भिंतीवर आपटून परत येईपर्यंत 172 सेंमी जास्त चालते. 100 हर्ट्झच्या लाटेची लांबी साधारण 344 सेंमी. म्हणजे ती बरोबर अर्धी मागे पडते आणि थेट येणाऱ्या लाटेला खाते. बास गिटारचे नेमके तिथलेच सूर पोकळ लागतात. स्पीकरची पाठ भिंतीला टेकवली की तोंड भिंतीपासून खोक्याच्या खोलीइतकंच लांब राहतं आणि हा पोकळ सुरांचा खड्डा वर, 250-300 हर्ट्झच्या आसपास सरकतो. तिथे मागे जाणारा आवाज मुळात कमी, म्हणून खड्डाही उथळ. शिवाय खर्जाला भिंतीचा आधार फुकट मिळतो.

कानसेन:
आधार कसला, नुसता घुमारा! माझा डावा स्पीकर आधी कोपऱ्यात होता. पुरुषाचा साधा बोलण्याचा आवाजसुद्धा माठात तोंड घालून बोलल्यासारखा यायचा.

अर्धवट_श्रोता:
तुम्ही दोघं स्पीकरवरून भांडताय, पण बसता कुठे? खोली 4 मीटर लांब असेल तर त्या लांबीत 43 हर्ट्झचा सूर घुमतो. बरोबर मध्यावर बसलात तर तो जवळपास गायब, मागच्या भिंतीला डोकं टेकलंत तर दणदणाट. आधी सोफा अर्धा मीटर हलवून बघा.

भिंतीलगत:
सोफ्याच्या जागेवर आमचा एकट्याचा हक्क असता तर काय हवं होतं!

कानसेन:
पट्टी लावली. 90 सेंमी भरलं. बास खाली उतरतो तेव्हा एकदोन सूर बसके लागतात, हे मान्य. आता 60 वर आणलेत, बास जरा सावरला. पण भिंतीला टेकवणार नाही. गायिका अजून मधोमध आहे, ती मला घालवायची नाही.

भिंतीलगत:
ती पुढे ओढल्यामुळेच मध्ये आली कशावरून? डावा कोपऱ्यात होता म्हणालात. मग उजवा कुठे होता?

कानसेन:
उजवा... खिडकीखाली. कोपऱ्यापासून बराच लांब.

भिंतीलगत:
म्हणजे डाव्याला बाजूची भिंत, उजव्याला मोकळं रान. दोघं सारखे कधी वाजणार? आता दोन्ही बाजूंना सारखं अंतर ठेवा, मग मागे ढकलत न्या आणि ती कुठे हरवते ते सांगा.

कानसेन:
रविवारी बघतो. फरशी परत पुसायचीच आहे.