मदत हवी आहे: भिंतीवर बारीक किडे, औषध सुचवा

कातावलेली_मी: कपाटामागच्या भिंतीवर आणि आतल्या पुस्तकांवर पांढुरके किडे झालेत. फवारा मारला की आठवडाभर गायब, मग पुन्हा हजर. औषधाचं नाव सांगा. लेक्चर नको.

मोरपंखी: केवढे आहेत? उडी मारतात का? गाव कोणतं?

दादासाहेब: कसर आहे हो ती. डांबरगोळ्या टाका. माझ्याकडे १९८५ पासूनचे दिवाळी अंक आहेत, एकाला भोक नाही.

मोरपंखी: कसर चंदेरी असते दादासाहेब, चांगली अर्धा इंच. ताई 'बारीक' म्हणतायत.

कातावलेली_मी: खसखशीएवढे. उडी नाही, तुरुतुरु पळतात. ठाणे. औषध??

फणसाचा_गरा: वाळवीच! आमची दाराची चौकट आतून पोकळ झाली तेव्हा कळलं. आजच पेस्ट कंट्रोलवाल्याला बोलवा.

किडामुंगी: वाळवी असती तर भिंतीवर मातीच्या नळ्या दिसल्या असत्या. हे बुकलाइस वाटतात. १-२ मिमी, चावत नाहीत, पुस्तकही फारसं खात नाहीत. ओलीवर धरलेली बुरशी हे त्यांचं जेवण. काही जातींत नर लागतच नाही, मादी एकटीच अंडी घालते. त्यामुळे फवाऱ्यातून चार वाचले तरी पुन्हा संसार उभा. हवेतली आर्द्रता ५० टक्क्यांखाली राहिली की मात्र सुकून मरतात. इमारत नवी आहे का?

कातावलेली_मी: जूनमध्ये ताबा मिळाला. त्याचा काय संबंध?

किडामुंगी: प्लास्टर पुरतं वाळायच्या आत रंग फासला असेल, वर पावसाळा. भिंत कोरड्या फडक्याने पुसा, कपाट वीतभर पुढे ओढून मागे पंखा लावा. एसी असेल तर ड्राय मोड. पुस्तकांना ऊन द्या.

दादासाहेब: आणि डांबरगोळ्या.

कातावलेली_मी: गोळ्यांचा वास बाळाला चालेल ना? पाळणा त्याच खोलीत आहे.

मोरपंखी: बाळ आहे हे आत्ता सांगताय? डांबरगोळ्यांतलं नॅप्थलीन अजिबात नको. काही तान्ह्या मुलांच्या तांबड्या पेशी त्याने फुटतात, कावीळ होते. फवाराही बंद करा.

दादासाहेब: आमची चारही मुलं त्याच वासात वाढली.

मोरपंखी: म्हणून सगळ्यांची वाढतील असं नाही.

फणसाचा_गरा: ठाण्यात नवीन म्हणजे घोडबंदरला का? काय भाव चाललाय सध्या?

कातावलेली_मी: भाव नंतर. कपाट भिंतीतच ठोकलेलं आहे, सरकत नाही. आता बोला.