मदत हवी आहे: कुत्रीसोबत वसंतातला ट्रेक, सकाळी बर्फ आणि दुपारी चिखल

नमस्कार मंडळी,

इथे कुत्री पाळणारेही बरेच आहेत आणि डोंगर चढणारेही. दोन्ही करणाऱ्यांनी जरा मदत करा.

आमची चिंगी चार वर्षांची, २२ किलोची, आखूड केसांची, संमिश्र जातीची. कोरड्या वाटेवर दिवसभर चालते आणि घरी आल्यावर वर चेंडू आणून पुढ्यात टाकते. भर हिवाळ्यातल्या पक्क्या बर्फाचीही तिला सवय आहे. पण हिवाळा सरताना डोंगराची जी अवस्था होते तिचा मला अंदाज येत नाहीये. पायथ्याशी घोटाभर चिखल. झाडीत शिरलं की दिवसा वितळून रात्री पुन्हा गोठलेलं पाणी, म्हणजे निव्वळ निसरडं. वर उघड्यावर साचलेला जुना बर्फ, सकाळी टणक आणि दुपारी असा की पाय मांडीपर्यंत आत. हे सगळं एकाच दिवशी, एकाच वाटेवर. चढाई साधारण ९०० मीटरची, मध्ये एक ओढा, माथ्याखाली झाडं नसलेला उतार.

पहिलं म्हणजे बूट. तिला घालावेत का? चिखलात निघून येतात आणि बर्फावर बूट घातल्यावर ती उलट जास्त घसरते असं मला वाटतं, पण सगळीकडे तर "बूट घालाच" असं वाचायला मिळतं. दुसरं, पट्टा. मी मायक्रोस्पाइक्स (बुटांवर चढवायची छोट्या धातूच्या दातांची साखळी) घालते आणि हातात काठ्या असतात, म्हणून पट्टा कमरेला अडकवते. चढताना ती ओढते ते बरंच वाटतं, पण उतरताना जीव मुठीत. मग मोकळी सोडायची का? आणि तिसरं, ओल्या थंडीत तिला पुरे झालंय हे ओळखायचं कसं? ती स्वतःहून कधीच थांबत नाही.

"जाऊच नका" हे उत्तर असेल तर तेही ऐकेन, फक्त कारण सांगा.

प्रतिसाद

फक्त बुटांबद्दल सांगतो. तुम्हाला वाटतंय ते बरोबर आहे. कुत्र्याची नखं हेच त्याचे स्पाइक्स. टणक बर्फावर ती रोवूनच ते चालतं. बुटात नखं झाकली जातात आणि रबरी तळ ओल्या बर्फावर सरकतो. म्हणून जायच्या आधी नखं फार आखूड करू नका. पंजाच्या गाद्यांमधले केस मात्र गादीच्या पातळीत कापा, कारण तिथेच बर्फाचे गोळे धरतात आणि खाली चिखल वाळून तसेच खडे होतात. पंजाला लावायचं मेण मिळतं, ते निघण्यापूर्वी लावा आणि वर गेल्यावर पुन्हा एकदा.

गारठ्याची काळजी पंजांपुरती कमी करा. तिथे आत जाणारं गरम रक्त आणि परतणारं थंड रक्त अगदी शेजारून वाहतं, त्यामुळे ऊब आतल्या आत परत फिरते. पंजाला धोका थंडीपेक्षा कापण्याचा जास्त. बूट पाठपिशवीत ठेवा. गादी चिरली तर पट्टी बांधून वर बूट चढवला की ती खाली चालत येऊ शकते.

प्रतिसाद

तुमच्या तीन प्रश्नांआधी चौथा आहे: तुम्ही उतरणार किती वाजता?

वसंतात चढणीचं कोणी फारसं बोलायला नको. पहाटे निघालं की सगळं गोठलेलं असतं, स्पाइक्स छान धरतात, चिखलसुद्धा कडक असतो. घोळ परतीचा. दहा-अकरानंतर उन्हाकडच्या उतारावरची खपली, म्हणजे बर्फाचा वरचा गोठलेला थर, मऊ पडायला लागते. वरचे दोन-तीन सेंटिमीटर सैल झालेले असतात तेव्हा चालायला सगळ्यात सोपं, त्यानंतर पाय आत जायला लागतात. गंमत अशी की चिंगीचं वजन चार पायांवर वाटलं जातं, म्हणून तुम्ही रुतायला लागलात तरी ती वरून पळत असते. मग एखाद्या ठिकाणी तिच्याही पायाखालची खपली फुटते, पुढचा पाय खांद्यापर्यंत आत जातो आणि अंग वेगात पुढे. खपलीची कड धारदार असते. नडगीचं कातडं सोलतं, आतल्या बाजूचं वरचं नख उचकटतं, खांदाही दुखावतो. मोठे दगड आणि झाडांचे बुंधे उन्हाने तापतात, त्यांच्याभोवतीचा बर्फ आतून पोकळ होतो. तिथून तिला लांबून न्या.

आदल्या रात्री आभाळ बघा. निरभ्र रात्री बर्फ आपली उष्णता आकाशाकडे सोडतो आणि हवा शून्याच्या किंचित वर असली तरी वरचा थर गोठतो. रात्रभर ढग असले तर तो गोठतच नाही, म्हणजे तुमची दुपार सकाळी सहालाच सुरू झालेली असते. अशा दिवशी मी जात नाही. खाली कितीही छान हवा असो.

दर १०० मीटर उंचीला हवा साधारण ०.६५ अंशाने थंड होते. तुमच्या ९०० मीटरला जवळजवळ ६ अंश. पायथ्याला ५ अंश दिसले तर माथा शून्याखाली, आणि वारा वेगळा.

तो बिनझाडांचा उतार किती तिरका आहे? नकाशावर मोजा. हिमस्खलनं बहुतेक ३० ते ४५ अंशांच्या उतारांवर होतात आणि वसंतात ओला बर्फ दुपारी सुटतो. उतारावरून बर्फाचे लहान गोळे आपोआप घरंगळायला लागले किंवा पाय घोट्याच्या वर रुतायला लागला की त्या उतारावरून निघायचं. तुमच्या भागात हिमस्खलनाचा इशारा प्रसिद्ध होत असेल तर तो १ ते ५ च्या मोजपट्टीवर असतो. त्यातला ३ हा आकडा मधला दिसतो म्हणून फसू नका, जीवघेणे अपघात ३ असतानाही भरपूर होतात. आणि माथ्यावर पट्टा हातात हवाच. वाऱ्याने कड्याबाहेर लोंबत राहिलेला बर्फ वरून सपाट जमीनच वाटतो. तिला वास घ्यायला तीच कड हवी असते.

आता पट्टा. उतरताना कमरेला नको, हे नक्की. स्पाइक्स घातलेला पाय जागेवर रुतून बसतो आणि त्याच क्षणी २२ किलोचा आडवा हिसका बसला तर पिळवटतो तो गुडघा. पट्टा हातात धरा, मनगटाला गुंडाळू नका, म्हणजे वेळ आली तर सोडता येईल. गुंडाळी होणारा लांब पट्टा घरी ठेवा, साधा दोन मीटरचा पुरे. तिला "मागे" ही आज्ञा पक्की शिकवा. ती मागे चालली की ओढत नाही आणि तुमच्या स्पाइक्सखाली तिचा पंजाही येत नाही.

मायक्रोस्पाइक्सचे दात जेमतेम सेंटिमीटरभर असतात. ते चालत्या वाटेवरच्या बर्फासाठी. घसरलं तर थांबताच येणार नाही असा टणक उतार लागला तर तिथे क्रॅम्पॉन (बुटांना बांधायचे लांब दात) आणि आइस-ॲक्स (बर्फातली कुऱ्हाड) लागते, आणि ते लागतं तिथे कुत्र्याचं काम नाही. तिथून परत फिरा.

प्रतिसाद

वरच्या प्रतिसादाशी सहमत. मोकळं सोडण्याबद्दल मात्र माझं स्पष्ट मत आहे: या दिवसांत नको. जमिनीवर घरटी करणारे पक्षी अंड्यांवर बसलेले असतात, हरणांची पिल्लं होतात, आणि हिवाळाभर उपाशी काढलेल्या प्राण्याला पळवणं म्हणजे त्याची उरलीसुरली ताकद संपवणं. चिंगी हाकेला ओ देत असेल हो, पण समोरून ससा उठला की कुठली हाक आणि कुठलं काय.

प्रतिसाद

मी प्राण्यांची डॉक्टर आहे, तिसरा प्रश्न माझ्याकडे.

कुत्र्याचं नेहमीचं तापमान साधारण ३८ ते ३९.२ अंश. आखूड केसांचं कुत्रं कोरडं असेल तर थंडीत चालता चालता ऊब टिकवतं. पोटाखाली चिखल आणि वितळतं पाणी लागलं की गणित बदलतं, कारण भिजलेले केस ऊब धरत नाहीत. पोट झाकणारं, पाणी न शिरणारं जाकीट तिच्यासाठी बुटांपेक्षा जास्त कामाचं. आणि ती चालताना नाही, थांबल्यावर गारठते. तुम्ही माथ्यावर डबा उघडून बसता तेव्हा तिच्याखाली काहीतरी कोरडं अंथरा.

ती स्वतः थांबणार नाही, म्हणून तुम्ही बघायचं. आळीपाळीने पंजे उचलते का, पाठ वाकवून शेपूट आत घेते का, दोनदा हाक मारावी लागते का. कापरं भरलं म्हणजे शरीर अजून झगडतंय, पुसून कोरडं करा आणि उतरायला लागा. अंगात ऊब न येताच कापरं थांबलं आणि ती सुस्त पडली, अडखळायला लागली, तर ती आणीबाणी. कोरड्या कपड्यात गुंडाळून अंगाशी धरा आणि दवाखाना गाठा. गरम पाण्याची पिशवी थेट कातडीला लावू नका, भाजतं.

उलट बाजूही आहे. खाली दुपारी ऊन चढलं की हिवाळी सवयीचं कुत्रं चटकन तापतं. जाकीट वेळेवर काढा. बर्फ खाते म्हणून पाणी मिळतंय असं समजू नका, पाणी तुम्हीच द्या. डबकी टाळा, त्यात जनावरांच्या लघवीतून लेप्टोस्पायरोसिसचे जंतू येतात. त्याची लस असते, तिची झाली आहे का ते तपासा.

वाटेवर चघळायचा सुकामेवा चिंगीपासून लांब. बेदाणे आणि चॉकलेट दोन्ही कुत्र्यांना विषारी. लंगडायला लागली तर तुमच्या पिशवीतली आयबुप्रोफेनची (माणसांची दुखणं कमी करायची) गोळी देऊ नका, पोट आणि मूत्रपिंडं दोन्ही धोक्यात येतात. परतल्यावर पंजे धुवा, गाडीतळावर बर्फ वितळवायला मीठ टाकलेलं असतं, ते चाटतात. मग गोचीड शोधा: कानामागे, काखेत, बोटांमध्ये. वर बर्फ असला तरी खालच्या गवतात ती जागी झालेली असतात. चिमट्याने कातडीलगत धरून सरळ ओढा. तेल, काडेपेटी असले प्रयोग नकोत.

दुसऱ्या दिवशी शेपूट मुळापासून लुळी लोंबत असेल तर घाबरू नका. गार पाणी आणि श्रम यांनी शेपटीचे स्नायू आखडतात, बहुतेक वेळा काही दिवसांत बरं होतं. फोन मात्र करा.

धागाकर्ती

सगळ्यांचे मनापासून आभार! उतार नकाशावर मोजला, वरचा टप्पा ३० अंशांच्या वर भरतोय. म्हणजे माथा या मोसमात बाद. झाडीच्या शेवटापर्यंत जाऊन परतायचं ठरवलंय, ढग नसलेल्या रात्रीनंतर, आणि दहाला कुठेही असले तरी मागे वळायचं.

दोन गोष्टी राहिल्या. ओढ्याचं काय करायचं? आणि चिखलात कडेकडेने जावं की मधून?

प्रतिसाद

मधून. बूट भरले तरी मधून. सगळे कडेने गेले की वाट रुंदावते, कडेचं गवत मरतं आणि पुढच्या पावसात माती वाहून जाते. पायाचा ठसा खोल उमटत असेल तर ती वाट सध्या चालायचीच नाही. काही ठिकाणी या दिवसांत वाटा बंदच ठेवतात, ती पाटी कुत्र्यासकट पाळायची.

ओढा सकाळी लहान आणि दुपारी मोठा, कारण वरचा बर्फ दिवसा वितळतो. जाताना दगडावरून पार केलात तिथे येताना गुडघाभर असू शकतो, तेव्हा येतानाचा हिशोब जातानाच करा. ओढ्यावर बर्फाचा पूल झाला असेल तर खालून पाण्याचा आवाज येतोय का ऐका, आणि येत असेल तर त्यावर नको. पाण्यात उतरताना पट्टा तुम्हाला बांधलेला नसावा. पाठीवर मूठ असलेला हार्नेस (छातीभोवती बांधायचा पट्टा) घ्या, तिला उचलून धरायला त्याच्याइतकं सोयीचं काही नाही.

वाटेत तळं असेल तर गोठलेल्या तळ्यावर तिला सोडूच नका. वसंतातला बर्फ जाड दिसला तरी आतून सच्छिद्र झालेला असतो. ती आत पडली तर तिच्यामागे जायचं नाही, काठावरून हाका मारायच्या आणि मदत बोलवायची. वाचायला कठोर वाटेल, पण फुटत्या बर्फाची कड धरून बाहेर निघणं माणसाला चिंगीपेक्षाही अवघड.

धागाकर्ती

मूठवाला हार्नेस घेते. शेवटचं, तिला खरंच उचलून आणावं लागलं तर? २२ किलो मी किती वेळ वाहणार?

प्रतिसाद

एकटीने फार नाही, म्हणून या दिवसांत दुसरं माणूस बरोबर घ्या. कुत्र्याला पाठीवर घ्यायची कापडी झोळी मिळते, घडी केली की हाताच्या पंजाएवढी होते. ती आधी घरी चढवून बघा. पाय अधांतरी राहिले की पहिल्या वेळी बहुतेक कुत्री घाबरून वळवळतात, आणि ते ओल्या उतारावर पहिल्यांदा कळायला नको. घरात, मग जिन्यावर, मग पाठीवर घेऊन उतरून. खाऊ हाताशी ठेवा.