'सबडक्शन'ला मराठीत काय म्हणायचं? अधोगमन, रिघणं की अजून काही?

रंकाळाकाठ

भाची अकरावीला आहे, भूगोल घेतलाय. परवा वही घेऊन आली आणि म्हणाली, "मामा, अधोगमन म्हणजे अधोगतीच का?" प्रश्न बरोबर होता तिचा, कारण अधोगमन म्हटलं की आपल्याला माणूस बिघडल्यासारखंच वाटतं, समुद्राच्या तळाची एक प्लेट (पृथ्वीच्या वरच्या कडक थराचा भलामोठा तुकडा) दुसऱ्या प्लेटखाली शिरतीय हे काही डोळ्यासमोर येत नाही. सबडक्शन हा मूळ शब्द लॅटिन, सब म्हणजे खाली आणि ड्युसेरे म्हणजे नेणं, म्हणजे 'खाली नेणं'. आता नेतंय कोण, हा खरा प्रश्न. मी इतकी वर्षं समजत होतो की मागून कोणीतरी ढकलतंय आणि पुढची कड दुसऱ्या प्लेटखाली घुसतीय, पण तसं नाही. समुद्राच्या मधल्या डोंगररांगेपाशी प्लेट नवीन तयार होते तेव्हा गरम आणि हलकी असते, मग कोट्यवधी वर्षं लांब लांब सरकत जाताना थंड होते, जड होते आणि शेवटी स्वतःच्याच वजनानं खाली जायला लागते, आणि खाली गेलेला भाग मागच्या सगळ्या प्लेटला ओढत नेतो. भूगर्भशास्त्रज्ञ या ओढीलाच प्लेट हलण्यामागचं सगळ्यात मोठं बळ मानतात.

हे भाचीला सांगत होतो तर माळ्यावरून घोंगडी काढून धुवायला टाकलेली, आमचे तात्या (वय ८१, करवीर तालुक्यात शेती) ती दोरीवर टाकत होते. ओली घोंगडी, एका बाजूला जरा जास्त लोंबती राहिली, हात सोडला की सळसळत सगळी त्या बाजूला घसरून खाली. तात्या म्हणाले, "आरं ढकलतंय कशाला कोण, वज्यानंच जातंय की, लोंबतंय ते वडतंय." मला पुस्तकाची चार पानं वाचून जे कळलं नव्हतं ते तिथं कळलं.

तर मला शब्द सुचतोय रिघणं. जुना शब्द आहे, आमच्याकडं म्हातारी माणसं अजून वापरतात, साप बिळात रिघला, पाणी भिंतीत रिघलं. स्वतःहून, हळूहळू, आत आत जाणं. प्लेट रिघते, जिथं रिघते तो रिघपट्टा. कसं वाटतंय?

भूगोलवाली

दादा, रिघणं आवडलं, पण त्यात वजन नाही येत. साप जड म्हणून नाही रिघत. तरीपण अधोगमनापेक्षा शंभर पटीनं बरं, कारण क्रियापद आहे, पोरांना वाक्यात वापरता येतं. मी वर्गात 'खाली ओढली जाते' असंच सांगते आणि पेपरात अधोगमन लिहा म्हणते, मार्क जायला नकोत.

माझी तक्रार दुसऱ्या शब्दाबद्दल आहे. प्लेट जिथं वाकून खाली जाते तिथं तळावर जी खोल रेघ पडते तिला शाळेच्या भूगोलात सागरी गर्ता आणि सागरी डोह असे दोन शब्द येतात. डोह म्हटलं की आमच्या पोरांना पंचगंगेचा डोह आठवतो, गोल, संथ, मधेच खोल. आणि ही मरियाना गर्ता बघा, सुमारे २,५०० किलोमीटर लांब आणि रुंदी सरासरी ७० किलोमीटरच्या आसपास, सगळ्यात खोल जागी जवळजवळ १०,९०० मीटर, एव्हरेस्ट आत ठेवलं तरी वर दोन किलोमीटर पाणी उरतं. याला डोह कसं म्हणायचं?

रंकाळाकाठ

ताई, मग चर म्हणा की. उसाच्या रानातनं पाणी काढायला आपण चर मारतो तो लांब, अरुंद, खोलच असतो. सागरी चर. कुणालाही कळेल.

भूगोलवाली

चर! हे आधी का नाही सुचलं कुणाला. उद्यापासून वर्गात हाच.

गगनबावडा_घाट

चर भारी आहे भावा. मी त्यात एक भर घालतो, अंदमानला नोकरीनिमित्त चार वर्षं होतो म्हणून सांगतोय. तिथं भारतीय प्लेट पश्चिमेकडनं येऊन खाली जाते. लोकांना वाटतं अंदमानची सगळी बेटं ज्वालामुखीची, तसं नाहीये. मुख्य बेटं बरीचशी खरवडलेल्या गाळाची आहेत, म्हणजे खाली जाणाऱ्या प्लेटच्या पाठीवरचा गाळ वरच्या प्लेटच्या कडेला घासून निघतो आणि तिथंच थरावर थर साचून वर येतो. कुळव चालवताना फाशीपुढं धसकटं आणि माती कशी गोळा होते, शेवटी उचलून झटकावं लागतं, अगदी तसं, फक्त इथं झटकणारं कोण नाही म्हणून डोंगर झाले. ज्वालामुखीची बेटं वेगळी, पूर्वेला, बॅरन आणि नारकोंडम. बॅरन अजून जागा आहे.

आणि तिथं आग कशी लागते यात पण सगळे चुकतात, खाली गेलेली प्लेट वितळते आणि लाव्हा येतो असं लिहितात. खरं म्हणजे प्लेटमधल्या खनिजांत अडकलेलं पाणी साधारण १०० किलोमीटर खोलीवर सुटतं, ते वरच्या गरम खडकात शिरतं आणि पाणी मिसळलं की तो खडक कमी तापमानाला वितळतो. प्लेट वितळते म्हणण्यापेक्षा पाझरते म्हटलं तर जास्त बरोबर.

रंकाळाकाठ

पाझरते, वा. हे मला पण नवीन.

मग भूकंपाचा शब्द राहिला. ओढ तर सतत चालू आहे, वर्षाला काही सेंटीमीटर, पण दोन्ही प्लेटा जिथं एकमेकींना घासतात तिथं त्या सरकत नाहीत. पुस्तकात 'कुलूपबंद क्षेत्र' असं काहीतरी वाचलं, कुलूप कोण लावतंय तिथं? पावसाळ्यात आमच्या जुन्या घराचं कवाड फुगून चौकटीत अडतं, जोर लावत राहायचं, हलत नाही हलत नाही आणि मग धाडकन. अडणं हाच शब्द. बैल अडतो तेव्हा पण जोर असतोच, नुसता पुढं जात नाही.

गगनबावडा_घाट

बरोबर. आणि अडलेलं असताना वरच्या प्लेटची कड खाली दबत जाते, मागचा भाग फुगतो, सुटली की कड उसळते आणि मागचं खाली बसतं. २६ डिसेंबर २००४ ला ९.१ तीव्रतेचा भूकंप झाला तेव्हा सुमात्रापासून अंदमानपर्यंत सुमारे १,३०० किलोमीटरची भेग सुटली. चराच्या जवळची जमीन वर आली, अंदमानातल्या नॉर्थ सेंटिनेल बेटाभोवतीचं प्रवाळ पाण्याबाहेर उघडं पडलं आणि मेलं. चरापासून लांबची खाली गेली, ग्रेट निकोबारच्या टोकाला इंदिरा पॉइंट चार मीटरच्या वर खचला, तिथला दीपगृहाचा मनोरा आता पाण्यात उभा आहे. मी फोटो बघून गेलो होतो पण बोटीतनं प्रत्यक्ष बघितल्यावर बराच वेळ बोलता आलं नाही. निकोबारला मेगापोड नावाचा पक्षी आहे, अंडी उबवत नाही, किनाऱ्यालगतच्या झाडीत माती-पालापाचोळ्याचा मोठा ढीग करतो आणि त्या उबेत अंडी घालतो, त्याचे कितीतरी ढीग त्या भूकंपानं उठलेल्या त्सुनामीच्या लाटेत गेले.

भूगोलवाली

शब्दांचाच विषय आहे म्हणून एक सांगते. सुमात्राजवळ सिमुलू बेट आहे, भूकंपाच्या अगदी जवळ. १९०७ साली तिथं अशीच लाट येऊन खूप माणसं मेली होती, तेव्हापासून त्यांच्या बोलीत स्मोंग हा शब्द राहिला, आज्या नातवंडांना गोष्टीत, गाण्यात सांगायच्या की जमीन जोरात हलली आणि समुद्र मागं गेला तर स्मोंग येणार, डोंगराकडं पळायचं. २००४ ला बेटावर सुमारे ७८,००० माणसं होती, मेली सात. भोंगा नाही, फोन नाही, एक शब्द होता. आपल्याकडं समुद्र असा मागं हटण्याला शब्दच नाही, ओहोटी म्हटलं तर माणूस शिंपले वेचायला जाईल.

रंकाळाकाठ

ताई, हे वाचून अंगावर काटा आला. तात्यांना वाचून दाखवलं, त्यांनी विचारलं मग कोयनेचा भूकंप पण रिघण्याचाच का. ११ डिसेंबर १९६७, पहाट, त्यांना अजून आठवतंय, भांडी फडताळातनं खाली आली आणि सगळी गल्ली थंडीत बाहेर. त्यांना सांगितलं की नाही तात्या, आपण प्लेटच्या मधे आहोत, इथं जवळ चर नाही काही नाही. तिथं जुन्या भेगेच्या दोन बाजू आडव्या घसरल्या, धरणाच्या पाण्यानं ते व्हायला हातभार लागला असं मानतात. आणि जोतिबाचा डोंगर, पन्हाळा, हा काळा दगड पण असल्या बेटांच्या ज्वालामुखीचा नव्हे, साडेसहा कोटी वर्षांपूर्वी जमिनीच्या भेगांतनं पसरलेला लाव्हा आहे.

तात्या म्हणाले, "म्हंजे ते अडलेलं सुटलं खरं, पर वडणारं नव्हतं." बरोबर हेच. भाचीनं वहीत अधोगमनच्या खाली पेन्सिलनं रिघणं, चर, अडणं, पाझरणं लिहून घेतलंय आणि शेजारी दोरीवरची घोंगडी काढलीय.