डिटेलिंगमध्ये (गाडीची सखोल सफाई व पॉलिश) रंग घासला गेला. भरपाई कोणाकडून घ्यावी?

प्रश्न (वाशी): पॉलिश करताना माझ्या गाडीच्या बॉनेटचा रंग काठावर पार प्रायमरपर्यंत घासला गेला असून, 'जबाबदारी मालकाची' ही पावतीवरील ओळ दाखवून डिटेलिंग सेंटर हात वर करत आहे. मी स्वतःच्या विम्यातून क्लेम करावा का?

उत्तर (ठाणे): घाई करू नका. नो क्लेम बोनस (क्लेम न केल्याबद्दल हप्त्यात मिळणारी सूट) बुडेल, सक्तीची वजावट (क्लेममधील मालकाने स्वतः सोसायची ठरावीक रक्कम) हीही तुमच्याच खिशातून जाईल. शिवाय सदोष कारागिरी म्हणजे अपघात नव्हे, असा मुद्दा सर्व्हेअर (विमा कंपनीसाठी नुकसान तपासणारा) काढू शकतो.

उत्तर (नेरूळ): गाडी ताब्यात देणे हा निक्षेप (काम झाल्यावर परत घेण्याच्या बोलीवर वस्तू सोपवणे) ठरतो आणि भारतीय करार कायदा, १८७२ च्या कलम १५१ नुसार, सामान्य विवेकी माणूस स्वतःच्या वस्तूची घेईल तेवढी काळजी सेंटरने घ्यायलाच हवी, छापील ओळीने निष्काळजीपणा आपोआप माफ होत नाही. फोटोंसह लेखी नोटीस द्या. ग्राहक आयोगाकडे तक्रारीची मुदत २ वर्षे आहे.

प्रश्नकर्ता: गाडी देतानाचे फोटो सुदैवाने आहेत. सेंटरचा स्वतःचा दायित्व विमा (ग्राहकाच्या नुकसानीची भरपाई देणारा) आहे का, हेही नोटिशीत विचारतो.