फौजेतल्या बायका ‘मनानं कच्च्या’ असतात का?

मंदा_मानेवाडा: परवा एका साक्षगंधात काका म्हणाले, "बायकांना फौजेत घेऊच नये, मनानं कच्च्या." माझी मामेबहीण मिलिटरी नर्सिंगमध्ये होती. सावजी मटणावर जीव टाकायची. आता कच्चं मटण धुवायला हातात घेत नाही, वास आला की वॉर्ड आठवतो म्हणते. हा कच्चेपणा? आणि घाव शत्रूचाच असतो असंही नाही. अमेरिकेत माजी सैनिकांच्या सरकारी दवाखान्यांत फौजेत असताना झालेल्या लैंगिक छळाबद्दल विचारतात. सुमारे ३ पैकी १ बाई ‘हो’ म्हणते, पुरुषांत ५० पैकी १.

कामठी_रिटायर्ड: ताई, अमेरिकेचे आकडे कामठीला काऊन लावून राहिल्या? रात्री ओरडत उठणारे जवान मी बॅरेकमध्ये पाहिलेत. त्यांना कोणी विचारलं? बायकांचं दुखणं वेगळं मांडलं, की उद्या त्याच कारणानं पोस्टिंग नाकारतील.

खामला_कट्टा: पोस्टिंगची भीती खरी आहे, पण म्हणून बोलायचंच नाही? पीटीएसडी, म्हणजे भयंकर अनुभवानंतर मनावर राहणारा आघात, हे नाव मनोविकारांच्या निदानाच्या अमेरिकी पुस्तकात आलं १९८० मध्ये, व्हिएतनामहून परतलेल्यांमुळे. तेव्हापासून या आजाराचा चेहरा पुरुषाचाच. बंदूक न चालवता रात्रभर तुटलेले हातपाय बांधणारी त्यात बसत नाही. आपल्याकडे मिलिटरी नर्सिंग सर्व्हिस १९२६ पासून आहे, बरं का.

कामठी_रिटायर्ड: नर्सेसना माझा सॅल्यूटच. पण ज्यांना छळ झाला त्यांनी तक्रार करावी, कायदा आहे.

मंदा_मानेवाडा: कोणाकडे? ज्याच्या हाताखाली काम, त्याच्याच सहीनं तिचा कामाचा रिपोर्ट जातो. त्याच कॅम्पात राहायचं, त्याच मेसमध्ये जेवायचं. ऑफिसात निदान संध्याकाळी घरी तरी जाता येतं.

खामला_कट्टा: शिवाय मेडिकल कॅटेगरी, म्हणजे फौजेतली तब्येतीची प्रतवारी. ती ‘शेप’ या पाच अक्षरांत (SHAPE) मांडतात, त्यातला पहिला ‘एस’ मनाचा. तो खाली गेला की बढती, पोस्टिंग सगळ्यावर परिणाम. काका, तुमचे ते ओरडणारे जवान डॉक्टरकडे गेले होते का?

कामठी_रिटायर्ड: नाही. एकही नाही. (इथं मी हरलो समजा. पण बायकांसाठी वेगळी सोय नको, सगळ्यांसाठी एकच चांगली करा, हे माझं कायम.)

मंदा_मानेवाडा: छळातून गेलेलीला पुरुषांच्या रांगेत बसवून बोला म्हणणार? बाई डॉक्टर तरी द्याल? बहिणीला टेलि-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ नंबर लिहून दिला, फ्रीजवर चिकटवला. नोकरी सोडून दोन वर्षं झालीत. काल विचारलं तर म्हणते, "युनिटला कळलं तर?"