दीर्घिका भिंगासारखी वागते, तर प्रतिमा एकच का दिसत नाही?

कुतूहल:
गुरुत्वीय भिंगाविषयी, म्हणजे दीर्घिकेच्या (ताऱ्यांच्या प्रचंड समूहाच्या) गुरुत्वाकर्षणाने मागच्या वस्तूचा प्रकाश वळण्याविषयी, वाचताना दोन ठिकाणी अडलो आहे. प्रकाशकणाला वस्तुमान नसते, तरीही दीर्घिकेजवळून जाताना त्याचा मार्ग वळतो, हे कसे? शिवाय दीर्घिका भिंगासारखी वागत असेल तर मागच्या वस्तूची एकच मोठी प्रतिमा दिसायला हवी. प्रत्यक्षात कुठे दोन, कुठे चार प्रतिमा, तर कुठे पूर्ण कडे दिसते. हे शेजारी असलेले वेगवेगळे क्वेझार (अतिदूरची, अतितेजस्वी दीर्घिकाकेंद्रे) नाहीत, याची खात्री कशी करतात?

निरीक्षक:
वस्तुमान नसणे ही अडचण न्यूटनच्या सिद्धांतातही फारशी टिकत नाही, कारण गुरुत्वाकर्षणामुळे मिळणारे त्वरण पडणाऱ्या वस्तूच्या वस्तुमानावर अवलंबून नसते. मात्र त्या हिशेबाने सूर्याच्या कडेला घासून जाणारा किरण सुमारे ०.८७ विकला (एक विकला म्हणजे अंशाचा ३६००वा भाग) वळतो. आइन्स्टाइनच्या सिद्धांतात काळाबरोबर अवकाशही वक्र होत असल्यामुळे हे विचलन बरोबर दुप्पट, म्हणजे १.७५ विकला येते, आणि २९ मे १९१९ च्या खग्रास सूर्यग्रहणातील मोजमापांनी या दुसऱ्या आकड्याच्या बाजूने कौल दिला.

दुसऱ्या प्रश्नाचे मूळ ‘भिंग’ या शब्दात आहे. तो शब्द मला नेहमीच थोडा फसवा वाटतो. बहिर्गोल भिंगात अक्षापासून दूरचा किरण अधिक वळतो, म्हणून सारे किरण एका नाभीत मिळतात. गुरुत्वाकर्षणात उलट आहे: बिंदूसारख्या वस्तुमानाजवळून किरण जितका दुरून जाईल, तितका तो कमी वळतो, त्यामुळे एकच अशी नाभी तयारच होत नाही. दांडा असलेल्या काचेच्या पेल्याचा तळ दिव्यासमोर धरून पाहावा. दिव्याचे कधी कडे दिसते, कधी तुटक कमानी.

मागची वस्तू, मधली दीर्घिका आणि आपण एका रेषेत असलो आणि दीर्घिकेतील वस्तुमान सर्व बाजूंनी सारखे पसरलेले असले, तर कडे दिसते. वस्तू रेषेपासून थोडी सरकली की दोन ठळक प्रतिमा उरतात. दीर्घिका लंबवर्तुळाकार असली आणि वस्तू मध्याजवळ असली तर चार. १९८५ मध्ये सापडलेला ‘आइन्स्टाइनचा क्रूस’ हे त्याचे प्रसिद्ध उदाहरण.

वर्णपट:
खात्रीबद्दल लिहितो. १९७९ मध्ये डेनिस वॉल्श, रॉबर्ट कार्सवेल आणि रे वेमन यांनी सुमारे सहा विकला अंतरावरील दोन क्वेझारांचे वर्णपट घेतले, तेव्हा दोन्हींची ताम्रसृती (प्रकाश तांबड्या रंगाकडे सरकण्याचे प्रमाण) १.४१ आणि वर्णरेषाही जवळपास सारख्याच निघाल्या. पुढे या दोन प्रतिमांच्या मधल्या भागात, त्यांपैकी एकीच्या अगदी जवळ, भिंगाचे काम करणारी दीर्घिकाही सापडली.

माझ्या मते सर्वांत पटणारा पुरावा वेगळा आहे. क्वेझारची तेजस्विता बदलत असते, आणि एका प्रतिमेत दिसलेला चढउतार दुसरीत सुमारे ४१७ दिवसांनी दिसतो, कारण दोन मार्गांची लांबी वेगळी असते आणि खोल गुरुत्वक्षेत्रातून जाणाऱ्या प्रकाशाला अधिक उशीर लागतो. (या आकड्यावरून बरीच वर्षे वाद होता, एक गट ५४० दिवसांच्या आसपास ठाम होता.)

कुतूहल:
आभारी आहे. मग कड्याच्या आकारावरून दीर्घिकेचे वस्तुमान काढता येते का?

निरीक्षक:
होय, दीर्घिकेपर्यंतचे आणि मागच्या वस्तूपर्यंतचे अशी दोन्ही अंतरे ठाऊक असतील तर कड्याच्या आतील एकूण वस्तुमान थेट मिळते, मग ते चमकणारे असो वा नसो. खगोलशास्त्रज्ञ फ्रित्झ झ्विकी यांनी १९३७ मध्येच ही पद्धत सुचवली होती. असे मिळणारे वस्तुमान दृश्य ताऱ्यांच्या बेरजेपेक्षा अधिक भरते, आणि कृष्णद्रव्याच्या (प्रकाश न देणाऱ्या, न दिसणाऱ्या द्रव्याच्या) बाजूने दिल्या जाणाऱ्या पुराव्यांपैकी हा एक आहे.

वर्णपट:
एक पुरवणी: काचेप्रमाणे येथे रंगानुसार विचलन बदलत नाही. तरीही प्रतिमांच्या रंगांत थोडा फरक आढळला, तर तो बहुधा मधल्या दीर्घिकेतील धुळीमुळे असतो, कारण धूळ निळा प्रकाश अधिक अडवते.