'बँकेतून बोलतोय' म्हणत धमकावणारे, फसवणारे फोन: तुमचे अनुभव लिहा

चाटीगल्ली
काल सोलापुरात नव्या पेठेत टॉवेल बघत होते. गल्ल्यावरच्या काकांचा फोन वाजला. त्यांनी नंबर बघितला आणि फोन पालथा ठेवला. पुन्हा वाजला, पुन्हा पालथा. तिसऱ्यांदा ते फोन घेऊन दुकानामागे गेले आणि मला माझे बाबा दिसले.

साखर पेठेत आमचे चार माग होते. लॉकडाऊनमध्ये बंद पडले. हप्त्याला सहा महिने सवलत मिळाली तरी व्याज चढतच होतं, पुढे सुताचे भाव भडकले. २०२२ च्या दिवाळीत तीन हप्ते थकलेले. फोन यायचा सकाळी साडेसहाला, आई सडा घालत असताना. बाबा फोन घेऊन जिन्याखाली जायचे. आम्हाला वाटायचं व्यापाऱ्याचा असेल. मग एक दिवस माझ्या सासूबाईंना फोन गेला, "तुमचे व्याही चोर आहेत." तेव्हा कळलं.

भावाने दोनशे पानी वही आणली. तारीख, वेळ, नंबर, कोण बोललं, काय बोललं. शिवीसुद्धा जशीच्या तशी. बाबा म्हणाले, हे नको लिहू. आई म्हणाली, लिही. अठरा दिवसांत सत्तेचाळीस फोन भरले. त्याच वर्षी ऑगस्टमध्ये रिझर्व्ह बँकेचं परिपत्रक निघालं होतं: वसुलीचा फोन सकाळी आठच्या आधी आणि संध्याकाळी सातनंतर करायचा नाही, शिवीगाळ नाही, घरच्यांना छळायचं नाही. वहीच्या झेरॉक्स लावून शाखेत अर्ज दिला, पोच घेतली. चौथ्या दिवशी फोन थांबले. कर्ज दोन माग विकून फेडलं, एक रुपया बुडवला नाही.

बाबा गेल्या वर्षी गेले. वही देव्हाऱ्याखालच्या कप्प्यात आहे. तुमच्याकडे कुणाला असे फोन आले असतील तर लिहा.

अक्कलकोटरोड
ताई, जिन्याखाली वाचून पोटात कालवलं. आमचा थोरला गच्चीवर जायचा. शिफ्टला निघूलालोय, रात्री लिहितो.

गड्डायात्रा
आमची आई गड्ड्याच्या यात्रेत पाळण्यापाशी उभी होती तेव्हा फोन आला. केवायसी संपली, एटीएम आज रात्री बंद. गर्दीत काय बी ऐकू येईना. आई ओरडून म्हणाली, "बाळा, मी गड्ड्यात हाय, उद्या बँक उघडली की येते, तूच असशील न काउंटरला?" त्याने ठेवला. दुसऱ्या दिवशी खरंच पासबुक घेऊन गेली की. केवायसी व्यवस्थित होती.

पूर्वभागअक्का
माझी आजी विडीकामगार होती. महिन्याला हजार रुपये पेन्शन येते, तेवढंच तिचं स्वतःचं. आधार जोडलं नाही, पेन्शन बंद, नंबर सांगा, असा हिंदीतून फोन. आजीला धड हिंदी येत नाही. ती आपली तेलुगूत "एवरु? एवरु बाबू?" (कोण? कोण बाबा?) करत राहिली. त्याला वाटलं मुद्दाम करते. इतक्या घाण शिव्या दिल्या. शब्द कळले नाहीत तरी आवाज कळला तिला. पैसे गेले नाहीत. पण ती रात्री जेवली नाही. मला विचारत होती, माझं काय चुकलं गं? सत्तर वर्षांची बाई, बोटं तंबाखूने काळी पडलेली. अजून राग शमत नाही माझा.

कडकभाकरी
अक्का, आजींना नमस्कार सांगा.
चाटीगल्ली ताई, टॉवेल कुठल्या दुकानात बघितले? भाचीच्या लग्नात आहेराला पन्नास हवेत. चांगल्या पिळाचे, दोन धुण्यांत विरणारे नकोत.

चाटीगल्ली
@कडकभाकरी उद्या परत जाणार आहे, भाव विचारून सांगते.
@पूर्वभागअक्का आजींचं काहीच चुकलं नाही हो.

जुळेसोलापूर
माझे पैसे गेले आहेत, म्हणून लिहितो. बँकेतून बोलतोय म्हणून फोन, पाठोपाठ व्हॉट्सअ‍ॅपवर एक एपीके फाइल, म्हणजे उघडली की फोनमध्ये अ‍ॅप बसवणारी. बँकेचंच चिन्ह होतं. उघडली. ओटीपी मी कुणालाच सांगितला नाही, त्या अ‍ॅपनेच माझे मेसेज वाचले. तीन खेपांत ४८,००० गेले.

बायकोने आधी फोनचं इंटरनेट बंद केलं आणि तिच्या फोनवरून १९३० हा सायबर फसवणुकीच्या तक्रारीचा नंबर लावला. खाते क्रमांक, रक्कम, वेळ, व्यवहाराचा क्रमांक विचारतात, ते हाताशी ठेवा. मी थरथरत होतो, तीच बोलली. वीस मिनिटांत तक्रार झाली म्हणून ३१,५०० पुढच्या खात्यात अडकवता आले. कोर्टाचा आदेश होऊन हातात यायला पाच महिने लागले. बाकीचे गेलेच.

निवृत्तशाखाधिकारी
बत्तीस वर्षं काउंटरच्या आत बसलो. चाटीगल्ली, तुमच्या वडिलांना जे ऐकावं लागलं त्याबद्दल वाईट वाटतं. एजंट बाहेरचा असला तरी त्याच्या वागण्याची जबाबदारी बँकेचीच असते, हे शाखेत ठणकावून सांगा. फोन करणाऱ्याला नाव, एजन्सी आणि बँकेचं अधिकारपत्र विचारा. हप्ता त्याने सांगितलेल्या नंबरवर कधीही पाठवू नका, स्वतःच्या कर्जखात्यातच भरा. अडचण असेल तर हप्ते लांबवून द्या असा लेखी अर्ज करा. तीस दिवसांत उत्तर आलं नाही किंवा पटलं नाही, तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे जाता येतं. माहितीसाठी रिझर्व्ह बँकेचा नंबर १४४४८.

फसव्या फोनचं म्हणाल तर यूपीआयवर पैसे घ्यायला पिन लागत नाही, द्यायलाच लागतो. शंका आली की फोन ठेवा आणि कार्डाच्या मागे छापलेल्या नंबरवर स्वतः लावा. जुळेसोलापूर, तुम्ही ताबडतोब कळवलंत ते फार बरं केलंत. ओटीपी स्वतः सांगून बसला असलात तरी बँकेला कळवल्यानंतर जे जाईल ते बँकेने सोसायचं असतं. म्हणून लाजून दोन दिवस घालवू नका. पोराला काय तोंड दाखवू म्हणून गप्प बसलेले किती जण मी पाहिलेत.

गड्डायात्रा
सर, १४० ने सुरू होणाऱ्या नंबरवरून फोन येतात ते?

निवृत्तशाखाधिकारी
जाहिरातीचे. खात्याच्या कामासाठी बँकांना १६०० ची मालिका दिली आहे. साध्या दहा आकडी मोबाइलवरून 'हेड ऑफिस' बोलू लागलं की सावध व्हा.

हुतात्माचौक
आत्या निवृत्त शिक्षिका, एकटी राहते. तुमच्या नावाच्या क्रेडिट कार्डवर मुंबईत गुन्हा झालाय म्हणे, आणि मग व्हिडिओवर पोलिसाच्या वेशातला माणूस. पाच तास खुर्चीत बसवलं, पाणी प्यायलासुद्धा विचारून उठायचं. शेजारच्या काकू विरजण मागायला आल्या म्हणून वाचली. आत्याने दार उघडलं, वाटी घेतली आणि तशीच उभी राहिली. काकूंनी आत येऊन फोनच बंद केला. डिजिटल अटक असं काही कायद्यात नाहीच, पण त्या खुर्चीत बसल्यावर ते आठवत नाही. आता काकू रोज काही ना काही मागायला जातात.

होटगीरोड
माझं उलटं झालं. फोन खरा बँकेचा होता, मी कापला. शाखेत जाऊन विचारलं तर म्हणाले बरोबर केलंत.

सांगोलेकर
लिहू की नको करत बराच वेळ गेला. मी आठ महिने पुण्यात वसुलीच्या कॉल सेंटरला होतो. थकलेल्या दिवसांप्रमाणे नावांच्या बकेट, म्हणजे गट असतात, महिनाअखेरीला आकडा भरला नाही की सगळ्यांसमोर उभं करायचे. आवाज चढवा, घरचे नंबर काढा, हे शिकवलं जायचं. एकदा यादीत आमच्या भागातले एक आजोबा आले, डाळिंबाला तेल्या रोग लागलेला. मी नेहमीसारखा सुरू झालो. ते म्हणाले, "लेकरा, तू आपल्याकडचा वाटतोस. जेवलास का?" मला पुढे बोलता आलं नाही. पुढच्या पगाराआधी सोडलं. चाटीगल्ली ताई, तुमच्या बाबांना फोन करणारा मी नव्हतो, पण कुणाच्या तरी बाबांना मी केलेत. माफी मागतो.

चाटीगल्ली
सांगोलेकर दादा, लिहिलंत हे फार मोठं केलंत. आईला वाचून दाखवलं. ती म्हणाली, त्याला म्हणावं सोलापूरला आलास की जेवायला ये.

अक्कलकोटरोड
शिफ्ट सुटली. आमच्या थोरल्याचं असं की एजंट थेट गल्लीत आले, सगळ्यांसमोर बोलायला लागले. तेव्हा शेजारचे अण्णा खुर्ची घेऊन आले, बसा म्हणाले, चहा सांगितला आणि मोबाइल समोर धरून रेकॉर्डिंग लावलं. "आता बोला, सावकाश." पाच मिनिटांत गेले बे. त्या दिवसापासून थोरला फोन आला की खाली येतो, मधल्या खोलीत बसून स्पीकरवर घेतो. आम्ही सगळे असतो.

चाटीगल्ली
आज त्या दुकानात गेले. काकांना बाबांचं सांगितलं. बराच वेळ टॉवेलांच्या घड्या घालत राहिले, मग म्हणाले, घरी माहीत नाही अजून. एवढ्यात फोन वाजला. गल्ल्यातून हिशेबाची कोरी वही काढली, मला म्हणाले, "तुम्ही लिहा, माझा हात कापूलालाय." पहिली ओळ मी लिहिली, रात्री आठ वाजून दहा मिनिटं. उद्या त्यांचा मुलगा आणि मी शाखेत जातोय.

@कडकभाकरी पन्नास सांगून ठेवलेत. पीळ चांगला आहे.